भिंतीकडची लेन

दगडीला दगडी हे नाव तलावाने दिलं. पहिल्याच दिवशी तिने डोळे मिटून उडी मारली आणि जी खाली गेली ती वर यायचं नावच घेईना. काठावर पाय हलवत बसलेल्या रिलेच्या मुलींपैकी एक म्हणाली, "मुलगी होती की दगड?" झालं. शाळेत असं नामकरण एकदा झालं की आईबाबांनी डोकं खाजवून ठेवलेलं नाव फक्त हजेरीपुरतं उरतं.

तिला काखेत हात घालून ज्या मुलीने वर ओढलं ती फिरकी. तशी फिरकी काही सगळ्यांत वेगवान नव्हती. पण तलावाच्या टोकाशी भिंत आली की पाण्यातच कोलांटी घेऊन, दोन्ही पायांनी भिंत ढकलून ती अशी परत फिरायची की बाकीच्या तिथे चाचपडत असताना ही निम्म्या वाटेवर. शाळेच्या रिले संघातली चौथी जागा तिला या कोलांटीनेच मिळवून दिली होती. पहिल्या तिघी उंच, दांडग्या आणि आपसांतच हसणाऱ्या. त्यांच्या बाकावर फिरकीला जागा होती, आणि दगडीला बाकाखाली, फिरकीच्या चपलांशेजारी.

त्या वर्षी शाळेत एक पाहुण्या बाई आल्या. अशा बाई दरवर्षी येतात. मागच्या रांगेत फुली-गोळा चालतो, शेवटी टाळ्या होतात आणि विषय संपतो. या बाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे "मला जमत नाही" असं म्हणायचं नाही, "अजून जमत नाही" म्हणायचं, कारण डोकं काय नि दंड काय, वापरलं की वाढतं. दुसरी, आपला वेळ कोण कुरतडतं ते शोधायचं. प्रत्येकाच्या दिवसात उंदीर असतात, एकेक पकडून बाहेर सोडायचा. मागच्या रांगेला उंदीर तेवढा लक्षात राहिला आणि आठवडाभर वर्गात चूंचूं चाललं होतं. दगडीच्या मात्र "अजून" हा शब्द काळजालाच लागला. आजवर तिला सगळ्यांनी निकालच ऐकवले होते. मुदत कुणी दिली नव्हती.

घरी उंदीर पकडायला तिने त्याच दिवशी सुरुवात केली. पहिला फोन. तो बाबांच्या हत्यारांच्या पेटीत गेला. दुसरी आत्या. आत्या रोज संध्याकाळी आईच्या फोनवर फोन करून अख्ख्या नात्यागोत्याची पिसं काढायची आणि दगडीने नुसतं "हं" म्हणायचं, एवढंच तिला हवं असायचं. दगडीने फोनवर येणंच बंद केलं. आत्या चार दिवस रुसली, मग आईला म्हणाली की लेक मोठी झाली हो तुझी, आता आमच्यासारख्यांना वेळ घेऊन यावं लागणार. बाबांनी जेवताना विचारलं, "या हिशोबात मी उंदीर की घूस?" सगळे हसले. दगडी ताटावरून उठलीसुद्धा होती. तिला अभ्यास होता.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि त्यांची सगळी अक्कल लिफ्टमधूनच यायची. ती उठून गेली तेव्हा ते आईला म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं. दार बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही." दगडीने हे वाक्य आतल्या खोलीत ऐकलं आणि खिशात टाकलं.

आता राहिलं पाणी. तलावावर सकाळी बाहेरची माणसं यायच्या आधी थोडा वेळ शाळेच्या मुलींसाठी असायचा. फिरकी म्हणाली, "चल, मी शिकवते तुला. त्यात काय एवढं?" खरंच ती रोज सकाळी दगडीच्या इमारतीचे जिने चढून यायची, बेल दाबायची आणि अर्धवट झोपेतल्या दगडीला खाली ओढत न्यायची. दगडीला उठवणं हे आईने केव्हाच सोडून दिलेलं काम होतं. ते फिरकीने अंगावर घेतलं.

तरंगणं, हातपाय मारणं दगडीला काही आठवड्यांत जमलं, पण कोलांटी एकटीने शिकता येत नाही. कुणीतरी पाण्यात भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. पोहणारी नेमक्या अंतरावर आली की तिच्या डोक्यावर टपली मारून सांगावं लागतं, आता. याला त्या मुली "भिंत धरणं" म्हणायच्या आणि ते कुणालाच नको असायचं, कारण पोहणारीला ऊब येते आणि उभी राहणारी काकडते. फिरकी दात वाजवत भिंत धरायची. दगडी यायची, टपली खायची, उलटी व्हायची, नाकात पाणी घेऊन खोकत वर यायची. फिरकी म्हणायची, "अजून." दगडी म्हणायची, "अजून." मग दोघी हसत सुटायच्या, आणि सकाळ संपायची. फिरकीचं स्वतःचं पोहणं राहून जायचं. ती म्हणायची, जाऊ दे गं, मला येतंच की.

सांगायला हरकत नाही, दगडी भराभर शिकली. आधी कोलांटी सरळ झाली, मग पाय भिंतीला बरोबर लागले, मग एके दिवशी ती अशी सुटली की फिरकी भिंतीशी टाळ्या पिटत राहिली. प्रशिक्षक बाईंनीही पाहिलं. या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी आणि तोंडात कायम कुरकुर, म्हणून त्या शिट्टीबाई. त्या दिवशी शिट्टीबाई कुरकुरल्या नाहीत, हीच मोठी बातमी होती.

त्याच आठवड्यात फिरकीने तिला एक गुपित सांगितलं. ती श्वास डावीकडून घ्यायची, आणि भिंतीजवळ जाताना डावीकडे कुणी दिसलं की तिची नजर तिकडे चिकटायची, मोजमाप चुकायचं, कोलांटी बिघडायची. "म्हणून मी नेहमी अगदी डावीकडची, बाजूच्या भिंतीकडची लेन घेते," ती म्हणाली. "तिथे डावीकडे नुसत्या फरशा. फरशांशी कोण शर्यत लावणार?" हे तिने बाईंनाही सांगितलं नव्हतं. दगडीने शपथ घेतली आणि पाळलीसुद्धा. ती कुणालाच बोलली नाही.

मग चाचणी लागली. संघातल्या तीन जागा पक्क्या होत्या, चौथीसाठी कुणीही पोहावं, जी जिंकेल ती. फिरकीला वाटलं ही नुसती रीत आहे, नाव तर तिचंच. दगडीने चाचणीत नाव दिलं तेव्हा फिरकी मनापासून खूश झाली. "दुसरी तरी तूच ये हं," ती म्हणाली.

दुसरी. दगडी तो शब्द दोन दिवस चघळत राहिली. फिरकीने तो प्रेमाने दिला होता, म्हणूनच तो जास्त टोचला. दगडीला आता कळून चुकलं होतं की ती वाढू शकते. आणि वाढणाऱ्याला एकदा बाकाखालची जागा दिसली की त्याला बाकच हवा असतो.

चाचणीला लेन कशा मिळायच्या, याचा शिट्टीबाईंचा एक कायदा होता. उशिरा येणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. त्यामुळे जी आधी येईल ती आधी लेन निवडेल, आणि शेवटची येईल तिला उरलेली. उरलेली लेन म्हणजे ठरलेलीच, डावीकडून दुसरी. तिच्या उडी मारायच्या चौथऱ्यावरचं रबर उखडलं होतं आणि पाय घसरायचा म्हणून ती कुणी घ्यायचं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. दगडीलाही.

आणि एक गोष्ट फक्त दगडीला माहीत होती. बरेच दिवस झाले, तिला आपोआप जाग यायची. ती पडून राहायची आणि जिन्यावरची फिरकीची पावलं ऐकायची, कारण आपल्यासाठी कुणीतरी इतके जिने चढतंय हे ऐकायला बरं वाटायचं.

चाचणीच्या सकाळी ती पडून राहिली नाही. उठली, पिशवी खांद्याला लावली, आईला येते म्हणाली आणि गेली. फिरकी येईल तर काय सांगू, असं आईने विचारलं. दगडी म्हणाली, "सांग, गेली." आणि नेहमीचा रस्ता सोडून, जिथे फिरकी समोरून येताना दिसली असती तो रस्ता सोडून, बाजाराच्या मागच्या बाजूने गेली.

तलावावर शिट्टीबाई आणि झाडू मारणारे काका, एवढेच होते. बाईंनी घड्याळ बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. "बोल, कुठली?"

"भिंतीकडची," दगडी म्हणाली.

एकेक मुलगी येत गेली, लेन घेत गेली. फिरकी धापा टाकत आली तेव्हा सगळ्या टोप्या घालून तयार होत्या. तिने आधी दगडीकडे पाहिलं, धडधाकट आहे बघून तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. मग तिने पाहिलं दगडी कुठल्या लेनवर उभी आहे. तिने काही बोलायला तोंड उघडलं, पण बाई म्हणाल्या, "उशिराची कारणं नंतर. चढ."

शिट्टी झाली. सांगण्यासारखं खरं तर थोडंच आहे. फिरकीचा पाय चौथऱ्यावर घसरला तरी ती पुढे होती, कारण ती फिरकी होती. दगडी तिच्या डावीकडे, जीव खाऊन, तिच्या खांद्याइतक्या अंतरावर. दगडीने जाताना एकच केलं, ती मागे पडली नाही. फिरकी श्वासाला डावीकडे वळली की तिथे फरशा दिसू नयेत, दगडी दिसावी, एवढंच. भिंत आली. दगडीचं डोकं नेमक्या जागी खाली गेलं, पाय लागले, ती सुटली. फिरकी घाईत उलटली, फार लवकर उलटली, तिच्या पायांना भिंत लागलीच नाही. ती मोकळ्या पाण्यात लाथ मारून तशीच थांबली, जसं अंधारात पायरी नसताना पाय टाकावा. मग तिचं परत येणं हे नुसतं परत येणं होतं.

बाईंनी दगडीची पाठ थोपटली आणि मोठ्याने म्हणाल्या, "याला म्हणतात वाढ. शिका." रिलेच्या तिघी बाकावर सरकून बसल्या आणि दगडी बसली. बाक ओला होता आणि अगदी साधा होता.

फिरकी बाहेर सायकलींपाशी तिची वाट बघत होती. रडलेली नव्हती. ती रडलेली असती तर बरं झालं असतं.

"मी तुझ्या दारात उभी होते," ती म्हणाली. "काकू म्हणाल्या, कधीच गेली. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय. तुमच्या इमारतीभोवती बघून आले."

"मला आता उठवावं नाही लागत."

"ते कळलं. भिंतीकडची लेन कशाला हवी होती तुला? तू तर उजवीकडून श्वास घेतेस."

दगडीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती म्हणाली, "आधी आले, म्हणून घेतली."

"माझ्या सगळ्या सकाळी घेतल्यास तू."

"घेतल्या नाहीत. तू दिल्यास," दगडी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच पाहुण्या बाईंसारखा, गोड आणि समजुतीचा वाटला. "आपला वेळ कुठे घालवायचा ते ज्याचं त्याने बघावं, फिरके. तू बघितलं नाहीस."

फिरकी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली, जणू तिच्या चेहऱ्यावर काही डाग आहे आणि सांगावं की नाही हे तिला ठरवता येत नाही. मग तिने सायकलचं कुलूप काढलं. "तुझा डावा हात पाण्यात शिरताना अजून फाकतो," ती म्हणाली. "मी आज नीट पोहले असते ना, तर त्या हातानेच मेली असतीस." आणि सायकलवर बसून निघून गेली.

ती हे जिव्हारी लागावं म्हणून बोलली होती, सुधारावं म्हणून नव्हे. दगडीला ते घरी पोचेपर्यंत झोंबत राहिलं. मग तिने कपाटाच्या आरशासमोर उभं राहून हात फिरवून पाहिला. फाकत होता. टोमणा असो की सल्ला, कामाचं असेल ते ठेवावं, असा विचार करून तिने संध्याकाळभर हात फिरवला, आणि पुढच्या प्रत्येक संध्याकाळी, आई कंटाळून दार लोटून घेईपर्यंत.

स्पर्धा जवळ आली तेव्हा शिट्टीबाईंनी तिला काठावरून बघितलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. तिचा डावा हात सुरीसारखा सरळ शिरत होता. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं.

दगडीने गॉगल कपाळावर चढवला. "कुणी नाही, बाई," ती म्हणाली. "माझं मीच."