कलाबाईनं बदललेल्या गोळ्या

यशोधराच्या आतड्याला क्रोन्स नावाचा आजार आहे, हे नगरच्या डॉक्टरांनी १९९६ साली ओळखलं. त्याआधी वर्षभर ती टीबीची औषधं खात होती. स्टिरॉइडच्या नव्या गोळ्यांनी पोटातली कळ थांबली, भाकरी पचू लागली, ती बारावीच्या अभ्यासाला लागली. त्याच गोळ्यांनी तोंड मात्र सुजून गोल झालं. देवळालीच्या कॉलेजात मुली हसायच्या. एकदा घरी येऊन ती ओढणीत तोंड खुपसून रडली, ते तिच्या आईनं, कलाबाईनं पाहिलं.

गोळ्या कलाबाईच द्यायची. पोरगी आता बरी हाय, मग हे कशाला, असं तिच्या मनानं घेतलं. स्टिरॉइडच्या गोळ्या तिनं चुलीत टाकल्या आणि तशाच पांढऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या यशोधराच्या हातावर ठेवायला लागली.

सूज खरंच थोडी ओसरली. "आई, उतरलं का गं तोंड?" यशोधरानं हसत विचारलं. कलाबाईचा जीव सुपाएवढा झाला.

मग उलट्या सुरू झाल्या, ताप आला, शौचातून रक्त पडलं. एका सकाळी यशोधरा न्हाणीपाशी कोसळली. शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला नगरला नेलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू असताना आजार उलटला, म्हणजे औषध लागू पडत नाही. आतड्याचा तुकडा काढावा लागेल. मधे गोळ्या चुकल्या होत्या का?"

"न्हाई," खाटेवरून यशोधरा कशीबशी बोलली. "एकबी न्हाई. आई सोता देती."

कलाबाई पुढं सरली. पोरीचं पोट फाडणार होते, आणि पोरगी आईची ग्वाही देत होती.

"तिला म्हाईत न्हाई, सायेब. गोळ्या म्या बदलल्या. तिचं तोंड बघवंना मला."

डॉक्टरांनी आधी नर्सला इंजेक्शन आणायला पिटाळलं. मग म्हणाले, "अहो, शरीराला या गोळ्यांची सवय झालेली असते. एकदम तोडल्या तर जीवावर बेततं. मी हळूहळू कमी करणारच होतो. मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं, तर तुमी न्हाई म्हनला असता."

ऑपरेशन टळलं. इंजेक्शनांनी ताप उतरला. कलाबाई पोरीच्या घाण झालेल्या चादरी धुवायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, "लई करती गं तुजी आई." यशोधरा भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्या कौतुकानं कलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बारावीची परीक्षा त्या वर्षी हुकली. यशोधरा घरी आली, तोंड पुन्हा सुजलं. स्टिरॉइड हळूहळू कमी होणार होतं, पण आजाराचं औषध बरीच वर्षं चालणार होतं. गोळ्या आता ती स्वतःच काढून घ्यायची.

"अजून राग हाय का?" एकदा कलाबाईनं विचारलं.

"राग गेला, आई. पन तुज्या हातची गोळी न्हाई घेववत."

कलाबाईनं मान हलवली, पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवला आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली.