अंगठ्याखालचा गंज

"हे बघा, परत." हवालदारांनी पांढरं फडकं बाईंसमोर धरलं. त्यावर तांबूस रेघ उमटली होती. "अकरा नंबरची रायफल. कालच पुसली होती ना?"

"पुसली होती, काका. तेलाचा हातही दिला होता."

"मग हा गंज काय आकाशातून पडला?"

पोलिसांच्या त्या शस्त्रागारात हवालदार आणि शिपाई बाई, अशी दोघांचीच नेमणूक होती. हवालदारांना इथे एकतीस वर्षं झाली होती, बाईंना आठ महिने. आठवडाभर ऊन नव्हतं, भिंतींना ओल आली होती आणि साहेबांची तपासणी तीन दिवसांवर होती. बंदुकीच्या पोलादावरची ती निळसर काळी झळाळी दिसायला रुबाबदार, पण स्वभावाने भारी नाजूक. अशा हवेत तेलाचा थर कुठे जरा पुसला गेला, की तिथे गंज धरलाच म्हणून समजा.

हवालदारांनी उपाय करायचे काही बाकी ठेवले नव्हते. कापडी खोळी ओल धरतात म्हणून त्या काढून टाकल्या. कपाटांत बल्ब पेटते ठेवले. शिवाय रोज सकाळी ते प्रत्येक नळीवरून अंगठा फिरवत. गंज डोळ्यांना दिसण्याआधी त्यांच्या अंगठ्याला कळतो, अशी त्यांची ख्याती होती. खात्यात त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणत, आणि चांगल्या बी.ए. झालेल्या हवालदारांना त्या नावाचा मनातून अभिमान होता. यंदा काळजीपोटी ते दिवसातून तीनतीनदा अंगठा फिरवत होते, तरी डाग वाढतच होते. गंज सापडला तर शस्त्रागार सुटणार आणि निवृत्तीपर्यंत उरलेले चौदा महिने गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत काढावे लागणार. त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"जेवताना तरी सारखे हात पुसू नका," घरी बायको म्हणाली.

"घाम येतोय."

"त्या नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून येतोय. घड्याळाचा पट्टा बघितलात? दोन महिन्यांत खाल्ला घामाने."

हवालदारांनी हूं म्हटलं. त्यांच्या डोक्यात अकरा नंबर होता.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "काका, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"सोमवारी तुम्ही दवाखान्यात गेला होतात. मागची रांग मी एकटीने पुसली. नंतर तुम्ही पुढच्या रांगेतच अडकलात, ती बघायची राहूनच गेली. सोमवारपासून तुमचा अंगठा तिला लागलेला नाही."

त्यांनी मागच्या रांगेतल्या सोळाही रायफली एकेक करून टेबलावर ठेवल्या. एकीवरही डाग नव्हता. मग पुढच्या रांगेतल्या काढल्या. तिथे प्रत्येकीवर, नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, तांबूस लांबट ठिपका होता. हवालदारांनी एकावर अंगठा टेकवून पाहिला. बरोबर मावला.

कुंपणच शेत खात होतं, आणि ते कुंपण एकतीस वर्षांचं होतं. बाईंना आठवडाभर टाकून बोललो याची त्यांना लाज वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते स्वतःच्या हाताचं. त्यांनी अंगठा फडक्यावर पुसला.

"साहेबांना सांगणार तुम्ही?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मी कशाला सांगू? हातमोजे घाला. कुणाला पत्ता लागायचा नाही."

दोन दिवस बाईंनी तेल लावून अलगद घासत सगळे डाग काढले. हवालदार हातमोजे घालून शेजारी बसून राहिले.

साहेब आले ते चार नवीन शिपाई बरोबर घेऊन. पुढची रांग पाहून ते खूश झाले.

"बघा रे, या हवेतसुद्धा कशी ठेवलीत," साहेब शिपायांना म्हणाले. "आणि हे हातमोजे कशाला? काढा ते. यांना दाखवा जरा तुमची करामत. उद्यापासून हेही असाच अंगठा फिरवतील."

हवालदारांनी हातमोजे काढले. तळहात ओले होते. बाईंनी फडकं पुढे सरकवून ठेवलं. एकदा अंगठा फिरवायचा, साहेबांची पाठ वळली की पुसून टाकायचं, इतकं सोपं होतं. चार शिपाई त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होते.

"नको, साहेब," हवालदार म्हणाले. "माझ्या घामाने गंज धरतोय. परवापर्यंत ही रांग डागाळलेली होती, ती माझ्याच अंगठ्याने. बाईंनी शोधलं आणि बाईंनीच साफ केलं. या पोरांना फडकं धरायला शिकवा. अंगठा नको."

साहेबांनी टोपी काढून बगलेत धरली.

"मग इथलं कोण बघणार?"

"बाई बघतील. मला गेटवर टाका."

"ते नंतर ठरवू. आधी मागची रांग दाखवा."

हवालदार जाळीच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते. रायफलींची यादी टेबलावर तशीच मिटलेली होती.

"सतरा नंबर," ते आतल्या बाईंना म्हणाले. "हिचा बोल्ट अडतो. थोडा वर उचलून ओढा."

बाईंनी उचलून ओढला. बोल्ट सुटला.

"अठरा," हवालदार म्हणाले.