मुळांची माती

डेसने लव्हेंडरचं झुडूप स्किपच्या, म्हणजे कचऱ्यासाठी भाड्याने आणलेल्या हौदाच्या, लोखंडी कडेवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. मुळांतली माती अंगणात झडली, तेव्हा कुठे त्याने ते आत टाकलं.

"शाबास," जनीन म्हणाली. स्किप भाड्याने देणाऱ्यांचा कागद तिने सकाळपासून तिसऱ्यांदा वाचला. "फक्त बागेचा कचरा. दगड नाही, रंगवलेलं लाकूड नाही, माती तर अजिबात नाही. ऐकतोयस ना, डॅड?"

"पडलो होतो. बहिरा नाही झालो."

मार्चमध्ये तो गुलाबांच्या वाफ्यात पडला होता. तासभर तसाच, शेवटी पोस्टमनने उठवलं. तेव्हा लेकीने दोनच वाटा ठेवल्या: वृद्धाश्रमातली खोली, नाहीतर बाग काढून सपाट हिरवळ. डेसने घर निवडलं आणि बाग काढायचा शब्द दिला. आता ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटची जुलैची थंडी, दारात हा लोखंडी हौद, आणि त्याच्या बायकोने, मर्लने, चाळीस वर्षं हातांनी वाढवलेली बाग फांदी-फांदीने त्यात निजत चाललेली.

जनीन पायरीजवळची पालथी बादली उचलायला वाकली.

"ती राहू दे. खाली मुंग्या आहेत."

"जुलैत मुंग्या?"

"माझ्यासारख्याच आहेत. उशिरा झोपतात."

ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. मागे एकच झाड उरलं होतं, पिवळा गुलाब. मर्लने लग्नाआधी आईच्या अंगणातून फांदी आणली होती, ओल्या मोज्यात गुंडाळून. ती म्हणायची, काटा ज्याच्या बोटाला, गुलाब त्याच्या ओळखीचा. डेस वाफ्याशी गुडघे टेकून बसला. या झाडाला त्याला वेळ लागला. चहा निवून गेला.

दुपारी स्किप न्यायला तविता ट्रक घेऊन आला. दार भरेल एवढा माणूस, पण पाऊल मांजरीचं. स्किपच्या कडेवर चढून त्याने फांद्या चाळल्या.

"राग नको, काका. बघावंच लागतं. परवा एकाच्या फांद्यांखाली वॉशिंग मशीन निघालं. म्हणे, कपड्यांचं झाड होतं."

डेस हसला नाही. तो तविताच्या हातांकडे बघत होता.

पिवळा गुलाब वरच होता. तविताने तो उचलला आणि थबकला. मुळांभोवती मातीचा घट्ट गोळा, त्यावर गोणपाट, सुतळीची गाठ. गोणपाट ओलं होतं.

त्याने डेसकडे पाहिलं. डेसने बुटांकडे.

"हे नाही चालणार, ताई," तविता जनीनला म्हणाला. "माती आहे. हे इथेच ठेवावं लागेल."

"मग झटका ना!"

"माझं काम न्यायचं. झटकायचं तुमचं." त्याने झाड दोन्ही हातांनी उतरवून तिच्यासमोर ठेवलं, आणि साखळ्या अडकवू लागला.

ट्रक वळणाआड गेला. जनीनने सुतळी सोडायला हात घातला. ओल्या गोणपाटावर तिची बोटं थांबली. बाकीची सगळी झाडं त्याने तीन-तीनदा आपटली होती.

"डॅड, नियम तुला माहीत होता."

"वय झालं. विसरायला होतं."

तिने उघड्या वाफ्यांकडे पाहिलं. मग नाक पुसून म्हणाली, "वाफ्यात नाही. तिथे तू पुन्हा पडशील."

"नाही पडणार."

"पायरीजवळ लावू. खुर्चीत बसून पाणी घालता येईल, असं. पण जमीन दगडासारखी झालीय. खणणार कोण?"

डेस कठड्याला धरून पायरी उतरला आणि पालथी बादली उचलली.

खड्डा गुडघाभर खोल होता. तळाला शेणखत पसरलेलं होतं.