उमाची पात

तुळजाबाईंना दुसऱ्याच्या थकव्याचं कधी कौतुक नव्हतं. पण सुनेचा थकवा पाहून त्या बुचकळ्यात पडल्या. झोपूनही जात नाही, असा हा थकवा आहे तरी कसला?

उमा अठरा-एकोणीस वर्षांची. मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, म्हणून तिचा नवरा बद्रीनाथ तिला जालन्याहून निजामाच्या रेल्वेनं हैदराबादला घेऊन गेला. तिथं गाठ काढली, वरून किरणांचा शेक दिला. गाठ गेली, पण थकवा बिऱ्हाड करून राहिला. वेणी घातली की उमा दमायची. हसली तरी दमायची. तुळजाबाईंनी डिंकाचे लाडू केले, दृष्ट काढली, तिच्या हातातली केरसुणीसुद्धा काढून घेतली. पोरगी दिवसभर बाजेवर. थकवा हलला नाहीच, उलट तिचं बोलणं आटलं.

शेवटी तीर्थपुरीहून तिचा धाकटा भाऊ मार्तंड छकडा घेऊन आला. "ताईला माहेरी नेतो. इथं हिचा तुमाला काय उपेग?" मनात वाईट काही नव्हतं त्याच्या, पण जिभेला हाड नसलं की असं होतं.

उमा उठून बसली. "आत्याबाई, आज कापसात खुरपण हाय ना? मला एक पात द्या. जमली तर इथंच ऱ्हाते. न्हाई जमली तर जाते."

पात म्हणजे खुरपणाऱ्या बाईच्या वाट्याची ओळ. जी मागं पडेल तिच्या मदतीला दुसरीनं समोरून खुरपत यायचं, पण शेवटचं हातभर रान तिचं तिलाच सोडायचं. तेही खुरपलं तर पात मदत करणारीची होते. ही तिथली रीत.

शेतात उमानं थोडं खुरपलं, बसली, पुन्हा खुरपलं. तुळजाबाईंना राहवेना. मायेला घाई फार. समोरून खुरपं चालवत त्या थेट उमाच्या गुडघ्यापर्यंत आल्या. गवताची काडी ठेवली नाही.

उमा रडायला लागली. "आत्याबाई, समदी तुमीच केली की. मंग मी कशाला ऱ्हाऊ?"

तुळजाबाई बांधाशी छकडा जुंपून उभ्या मार्तंडवरच ओरडल्या, "सोड ते छकड्याचे बैल! ही पात माझी झाली. तिची अजून धरायचीच हाय."

दुसऱ्या दिवशी उमाला नवी पात दिली. तुळजाबाई बांधावर हातावर हात ठेवून बसल्या. इतकं जड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. उमा वीतभर खुरपायची, आडवी व्हायची.

"आता कसं वाटून राह्यलं? पाय जड हायेत का डोस्कं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"समदं आंगच ओल्या गोधडीवानी झालंय."

"आन् वाळतं का मधी?"

"वाळतं की. जरा जरा." कितीतरी महिन्यांनी दोघी अशा बोलत होत्या.

दिवस कलला. मार्तंडनं ओळ पाहिली. "ताई, अर्धी बी न्हाई झाली. चल की आता."

"मंग? ऱ्हायलेली उद्या करीन," उमा म्हणाली. "तू जल्दी निघ, अंधार पडंल."