तासलेली कबर

"तिथे नाही, पोरी. आणखी दोन रांगा खाली."

चर्चच्या पायरीवर बसलेले, तिथला कारभार पाहणारे डीकन पर्व्हिस एकिन्स टोपीने वारा घेत ओरडले. नेड्रा टॅटम लांब दांड्याचं खोरं खांद्यावर घेऊन हिरवळीच्या मधोमध उभी होती, आणि जिने तिला चार वर्षांची असल्यापासून वाढवलं त्या आजीची कबर तिला सापडत नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वी, आजीला पुरलं तेव्हा, इथे गवताची काडी नव्हती. झोअर चर्चची दफनभूमी म्हणजे लाल मातीचं स्वच्छ अंगण, आणि त्यात पावाच्या लादीसारखे उंचवटे, रांगेने. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं होतं, बँकेच्या दारासमोर असतं तसं. उंचवटेही सपाट झाले होते. इझोरा टॅटमच्या डोक्याशी अंत्यविधीवाल्यांनी खोचलेली पत्र्याची पाटी गवतात टाचेएवढी उरली होती. नेड्राने ती पायाने चाचपून शोधली आणि लगेच पाय मागे घेतला. आजीच्या अंगणात उगीच पाय टाकण्याची हिंमत तिला एकोणसाठाव्या वर्षीही नव्हती.

पाय टाकण्याची हिंमत तशी कुणालाच नव्हती. पंचक्रोशीत सगळे इझोराला बिग मामा म्हणत. बिग मामाच्या मते अंगण म्हणजे माती. गवत लावतात ते शहरातले लोक. त्यांना आपली माती दाखवायची लाज वाटते, आणि गवताखाली साप लपला की मग देवाला हाका मारतात. दर शनिवारी दुपारी ती डॉगवूडच्या झाडाच्या फांद्यांचा खराटा घेऊन रस्त्याच्या कडेपासून सुरुवात करी आणि उलट पावली, मागे मागे सरकत, स्वतःच्याच पावलांचे ठसे पुसत घराच्या पायरीपर्यंत येई. शेवटचा ठसा पायरीवर बसून पुसायचा. त्यानंतर रविवारी सकाळपर्यंत त्या अंगणात कोंबडीला मज्जाव. एकदा नवीन आलेले पाद्री शनिवारी संध्याकाळी भेटायला आले, तर टोपी हातात धरून रस्त्यावरच उभे राहिले. बिग मामाने त्यांना पोर्चवरून खुर्ची दाखवली, पण या म्हणाली नाही. त्या दोघांनी वीस हातांवरून आजारी लोकांसाठी प्रार्थना केली, मोठ्याने, आणि पाद्री घरी गेले. ते पुढे एकवीस वर्षं टिकले. शनिवारी पुन्हा आले नाहीत.

देवाशी तिची वागणूक फारशी वेगळी नव्हती. बाकीच्या बाया प्रार्थना करीत. बिग मामा पाठपुरावा करी. पहाटे चुलीपाशी गुडघे टेकून ती मागच्या आठवड्यात काय मागितलं होतं, त्यातलं काय मिळालं आणि काय राहिलं ते देवाला नावानिशी सांगे, आणि पलीकडे कुणी यादीवर बोट ठेवून वाचतंय अशा सावकाशीने सांगे. बुधवारी उपवास. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिचा पारा असा चढलेला असे की घरातले सगळेच धार्मिक होत. तपकिरीची डबी तेवढी एप्रनच्या आतल्या खिशात. तिचं म्हणणं, देवाला ठाऊक आहे, पाद्रीला कशाला त्रास?

एक मागणी मात्र तिने कधी केली नाही. तिचा मुलगा क्लिओफस एकोणिसाव्या वर्षी लाकडाच्या गिरणीत गेला. सकाळी डबा घेऊन गेला आणि दुपारी चार माणसांनी फळीवरून आणला. त्या वर्षीच तिची मुलगी, म्हणजे नेड्राची आई, नेड्राला पायरीवर बसवून डेट्रॉइटला निघून गेली. तिची पत्रं येत, ती येत नसे. बिग मामा देवाला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. खोरं घेऊन मुलाच्या कबरीवर जाऊ लागली, एवढंच. वर्षातून सहा वेळा, बावन्न वर्षं. हिशेब सोपा आहे: तीनशे बारा वेळा तिने त्या सहा फूट मातीवरची काडी न् काडी तासून काढली, माती ओढून उंचवटा केला, खराट्याने रेघा ओढल्या आणि उलट पावली बाहेर आली. लहानपणी नेड्राने एकदा विचारलं होतं, चार काड्या राहिल्या तर काय बिघडेल? बिग मामा म्हणाली, "कबरीवर गवत दिसलं की समजायचं, त्या माणसाचं कुणी उरलं नाही."

शेवटची दोन वर्षं ती बर्मिंगहॅमला नेड्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत होती. नेड्रा इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या इस्त्रीवर काम करी. ती कामावरून आली की म्हातारी खिडकीशी बसलेली असे आणि खालच्या हिरवळीकडे, पोरकी पोरं पाहावीत तशी पाहत असे. जाण्याआधी आठ दिवस तिने नेड्राचं मनगट धरलं.

"माझ्या अंगावर गवत चढू देऊ नकोस, नेड्रे."

"नाही चढू देणार."

"नुसतं हो म्हणू नकोस. तुझी आई पण हो म्हणायची."

नेड्राने बायबलवर हात ठेवला. म्हाताऱ्या डोळ्यांनी तो हात नीट पाहून घेतला, दुसरा हात पाठीमागे तर नाही ना तेही पाहिलं, आणि मगच मनगट सोडलं.

आता डीकन काठी टेकत हिरवळीतून येत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं, पण उद्याच्या मेळाव्यासाठी चर्चच्या खिडक्या स्वतः पुसलेल्या. ऑगस्टच्या चौथ्या रविवारी जिथे तिथे पांगलेले झोअरचे लोक घरी येतात. त्याच्या आदल्या शनिवारी कबरी तासायच्या, अशी रीत. नेड्राच्या लहानपणी त्या शनिवारी चाळीस बाया खोरी घेऊन येत आणि दफनभूमीत इतकी धूळ आणि इतक्या चहाड्या उडत की मेलेल्यांनाही सगळ्या बातम्या कळत. आज दोघं होती.

"कुणी केलं हे?" नेड्राने विचारलं.

"सगळ्यांनी," डीकन म्हणाले. मग त्यांनी सावकाश सांगितलं. मागच्या मेळाव्याआधी चार जणं तासायला आली, त्यांतले एक ते स्वतः, आणि एक बाई उन्हाने कोसळली. तू नव्हतीस, असं काही ते म्हणाले नाहीत. कबरींवर कमरेएवढं रान माजलं, लोकांना आपली माणसं सापडेनात. शेवटी समितीने ठरवलं की चांगलं गवत लावावं आणि यंत्रावर बसून कापणारा माणूस ठेवावा. पाऊण तासात सगळं उरकतो. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान झालंय.

"मला कुणी विचारलं नाही."

"पत्र पाठवलं होतं की. फेब्रुवारीत."

नेड्राच्या डोळ्यांसमोर ते पाकीट आलं. पांढरं, कोपऱ्यात चर्चचा शिक्का. फ्रिजच्या दारावर कोंबडीच्या आकाराच्या चुंबकाखाली ते अजूनही होतं. झोअरचं पत्र दर वर्षी येई, मेळाव्याला कोण काय करून आणणार ते विचारायला. नेड्रा दर वर्षी लिही, पाउंड केक. तिने मनाशी म्हटलं होतं, केक तर न्यायचाच आहे, उघडायची काय घाई. सहा महिने ती दुधाची बाटली काढताना त्या पाकिटाकडे पाहत होती.

"एकेचाळीस पत्रं पाठवली," डीकन सांगत होते. "कुणाची हरकत असेल तर ईस्टरपर्यंत कळवा, असं लिहिलं होतं. एकच उत्तर आलं. तेही पत्ता चुकला म्हणून परत आलेलं पाकीट."

"आणि मी कळवलं असतं तर?"

डीकननी टोपी काढून आत पाहिलं, उत्तर तिथे ठेवलं असावं तसं.

"एकाने जरी नको म्हटलं असतं, तरी थांबायचं ठरलं होतं," ते म्हणाले. "ईस्टरनंतरही आठ दिवस थांबवलं मी त्यांना. म्हटलं, इझोराची नात आहे, ती काही गप्प बसायची नाही."

 नेड्राने खोरं उचललं आणि पाटीच्या पायथ्याशी मारलं.

माती सुटली नाही. ते गवत जमिनीलगत गाठीगाठीने सरकत पसरणारं होतं. एक दोरी ओढावी तर ती तीन हातांवर दुसऱ्याच कुणाच्या तरी उशाशी निघे. रोज आठ तास ओल्या चादरी उचलणाऱ्या बाईच्या दंडात ताकद असते, पण गुडघे त्याच कामात गेलेले असतात. अर्ध्या तासात तिचा सदरा पाठीला चिकटला. डीकननी काचेच्या बरणीतून पाणी आणून दिलं, मग न विचारता खोरं हातात घेतलं, तीन घाव घातले आणि छातीवर हात ठेवून परत दिलं. तीन घावांत त्यांनी जेवढं काढलं ते तिने बाजूला ढिगावर ओढलं. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

दोन तासांनी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद लाल चौकोन मोकळा झाला. तिने माती ओढून मधोमध उंचवटा केला. बिग मामाच्या हातचा असे तसा गोल नव्हे, पण उंचवटा.

शेजारी क्लिओफस होता. त्याच्या डोक्याशी सिमेंटचा ठोकळा, ओलं असताना खिळ्याने नाव कोरलेला. त्याच्या अंगावर दाट, चांगलं, निरोगी गवत होतं. तीनशे बारा. बिग मामा असती तर तिने आधी त्याची तासली असती आणि स्वतःची राहिली तर राहू दिली असती, हे नेड्राला आता, दंड थरथरायला लागल्यावर सुचलं. तिने खोरं उचलून पाहिलं. ते गुडघ्यापर्यंत आलं आणि खाली गेलं.

"गवत कापणारा सोमवारी येतो," डीकन म्हणाले. "त्याला सांगून ठेवतो, हे मुद्दाम केलंय म्हणून."

"ऐकेल?"

"गेल्या महिन्यात एका बाईने फुलझाडासाठी हातभर जागा उकरली होती. त्याला वाटलं, गवत मेलं. आपण होऊन परत आला, बी टाकलं, पाणी घालून गेला. चांगला माणूस आहे."

नेड्राने मान हलवली. चांगल्या माणसाला काय सांगणार?

"तुम्ही महिन्यातून एकदा..." ती म्हणाली आणि थांबली. म्हाताऱ्याचा शर्ट यंत्राच्या जागी किंचित उचललेला होता.

"मी हो म्हणेन, पोरी," डीकन म्हणाले. "पण नुसतं हो."

ते खिडक्यांकडे परत गेले. एक राहिली होती.

नेड्रा गाडीपाशी गेली. मागच्या सीटवर फडक्याखाली केक होता, आणि त्याच्याजवळ बिग मामाचा खराटा. आजीबरोबर आलेला तो खराटा तीन वर्षं नेड्राच्या स्वयंपाकघराच्या दारामागे, झाडायला अंगण नसलेल्या घरात उभा होता. फांद्या इतक्या वाळल्या होत्या की दर फटकाऱ्याला एखादी मोडून मातीत पडे, आणि ती वाकून उचलावी लागे. तिने उशाकडून सुरुवात केली. बारीक, शेजारी शेजारी रेघा, आणि उलट पावलं. डावा ठसा पुसला, मग उजवा. पायथ्याशी आल्यावर ती एक पाऊल मागे सरकली, वाकली, आणि मातीतला शेवटचा ठसा पुसला.

पुढचं पाऊल तिने मागे गवतात टाकलं. सवयीने खराटा तिथेही फिरवला. गवतावर ठसा उमटला नव्हता. दाबलेली पाती एकेक करून आपोआप उभी राहत होती.