निबंधकांचा शेरा

"धर रं त्याचा हात!" युवराज ओरडला आणि त्याच्या माणसानं कुंडलिकचा उजवा पंजा ओट्यावर दाबला. लोखंडी पाना दोनदा खाली आला. बोटं मोडल्याचा आवाज दारात अडवून धरलेल्या सिंधुबाईला ऐकू गेला. नवऱ्याआधी तीच किंचाळली.

लोणी देवकरच्या कारखान्यात बॉयलरपुढं कुंडलिकची उमर गेली होती. गेल्या खंडेनवमीला मालकानं, म्हणजे याच युवराजनं, यंत्रांची पूजा झाल्यावर त्याला खुर्चीत बसवून फेटा बांधला आणि "तात्या, तुमी घरचंच" म्हणत कागदांवर सह्या घेतल्या. मानाला भुललेला माणूस कागद वाचतोय कशाला! आपण कंपनीचे संचालक आहोत हे त्याला कळलं ते बॉयलर फुटून गावातल्याच हिंदुरावचा पोरगा अविराज भाजून मेल्यावर. मालकानं हात झटकले. कंपनीच्या नोंदीत संचालक म्हणून कुंडलिकचं नाव बघून हिंदुराव अंथुर्ण्याच्या भर चौकात त्याच्या तोंडावर थुंकला, "पोरगं खाल्लंस माझं!"

ते त्याच्या काळजाला लागलं. तो पुण्याला, कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या निबंधकांकडं गेला. चौकशी होईपर्यंत नाव खोडता येत नव्हतं, पण जाहीर नोंदीवर शेरा मारायचा नवा अधिकार साहेबांना मिळाला होता. त्यांनी नावाखाली लिहिलं: नेमणूक फसवून केल्याची तक्रार, कारभार युवराजकडेच असल्याचे दिसते. हे आता कुणालाही मोबाइलवर वाचता येत होतं, म्हणून तर युवराज आज दारात आला होता.

"तक्रार मागं घेतल्याचा कागद हाय. कर सही."

पेन बोटांत ठरेना. कागदावर नुसतं रक्त सांडलं.

"अंगठा घ्या, मालक," पानावाला म्हणाला.

"घ्या की!" सिंधुबाई कडाडली. "सही करणाऱ्यानं अंगठा का लावला, सायेब इचारतीलच. मग ह्यो हात दावते त्यास्नी!"

युवराज त्या हाताकडं बघतच राहिला. भल्या शहाण्यानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. कुंडलिकला हसू फुटलं. त्यापायी बरगडीत लाथ बसली, तरी तो हसतच राहिला. आरडाओरडा ऐकून माणसं धावली, तशी गाडी पळाली.

दवाखान्यातून आल्यावर सिंधुबाई त्याला भरवत होती. हिंदुराव आत आला.

"शेरा वाचला," तो म्हणाला. "आधी तुला इचारायला पायजे हुतं मी."

"नाव अजून हायच की वर."

"असूंदे."

हिंदुरावनं सिंधुबाईच्या हातातलं ताट घेतलं, भाकरी कुस्करली आणि घास पुढं केला. कुंडलिकला तोंड उघडायला जरा वेळ लागला.