पश्चिमेची हद्द

साठी उलटल्यावर तवनाप्पांनी गावात आलेल्या जैन मुनिमहाराजांसमोर दिग्व्रत घेतलं. चारी दिशांना हद्द घालून घ्यायची आणि जन्मभर तिच्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. पूर्वेला शिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला गिरनार. पश्चिमेला काय, असं महाराजांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, समुद्र. गडमुडशिंगीच्या माणसाला समुद्रापुढं काय काम पडणार?

आणि गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं, सोनलनं, आईवडिलांना डॉल्फिन दाखवायला मालवणला नेलं. आप्पा पाण्याच्या कडेपर्यंत आले, लाटेत पाय भिजवून घेतले आणि होडीत चढायच्या वेळी मागं सरले.

"आप्पा, जरासं तर आत जायचंय. कोण मोजतंय?"

"मी मोजतोय की. तुम्ही दोघी या जाऊन. मी हितं उभारतो."

त्या दिवशी डॉल्फिन आलेच नाहीत. दोघी परतल्या तेव्हा आप्पा होते तिथंच उभे होते, पांढरी टोपी घालून. "सगळा वेळ दिसत हुता तुम्ही," ते म्हणाले. "तुझी लाल ओढणी तर लांबनं वळखू येत हुती."

दिवाळीनंतर ते गेले. उसाला तोड लागली होती, सकाळी रानात जातो म्हणून उठले आणि दारातच बसले. त्यानंतर सोनलच्या मनानं एकच धरलं, त्यांच्या वाटचे डॉल्फिन आपण बघून यायचे. फेब्रुवारीत ती आईला, रत्नाबाईंना घेऊन फोंडा घाट उतरली.

"कोल्हापूरचे काय?" होडीवाल्यानं विचारलं.

"व्हय. कसं वळखलंस?" रत्नाबाई म्हणाल्या.

"आवाजावरून. जरा हळू बोला, आजी. डॉल्फिन गोव्याला पळतील."

"पळूदेत की. आमचा आवाज तितंबी जातोय."

होडी बरीच आत गेली आणि होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. पाणी नुसतं हलत होतं. मग डावीकडं एक करडी पाठ वर आली, तळ्यात डुंबणारी म्हैस पाठ काढते तितक्याच सावकाश, आणि फुस्स करून श्वास सोडून खाली गेली. तिच्यामागं दुसरी. मग एक लहानगी, दुसरीला अगदी चिकटून.

"आली की गं बाई," रत्नाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी हात जोडले.

सोनल मात्र मागं वळली होती. आप्पांना दिसलं का, हे बघायला. वळल्यावर तिला आठवलं, तरी ती बघत राहिली. काठावर माडांची एक काळसर रेघ होती, तिच्याखाली वाळूची फिकट. माणूस एकही नव्हता.

"दादा, काठावरची माणसं दिसतात का इथून?"

"इथून? माणसं कसली, ताई. आणि तिथून बघाल तर आपली होडी म्हणजे एक ठिपका. तो पण नजर चांगली असली तर."

आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशन ऊस गेल्यावर करायचं ठरलं होतं.

रत्नाबाईंनी ऐकलं होतं. "व्रताचा माणूस," त्या म्हणाल्या. "त्यास्नी दिसत असणार."

पाठी पुन्हा वर आल्या, यावेळी होडीच्या अगदी जवळ. त्या सोनलनं नीट बघितल्या.

परतीला ती पुढच्या टोकाशी जाऊन बसली. माडांची रेघ फुटून एकेक झाड वेगळं झालं. मग छत्र्या दिसल्या, निळ्या, तांबड्या. मग रंगांचे हलते तुकडे. अजून त्यांची माणसं झाली नव्हती. आता कुठलाही तुकडा कुणीही असू शकत होता, आणि एक तर पांढरा होता, एका जागी थांबलेला.

"दादा," ती मागं न बघता म्हणाली, "जरा सावकाश घ्या."

"भीती वाटते काय, ताई?"

"व्हय," रत्नाबाईच म्हणाल्या. "घे जरा सावकाश."